शाळेच्या बागेतली वांगी

मला मास्तर करायचं हे माझ्या मामाने ठरवलं. मामा तहसिलीत चपराशी होता, आणि वर्षानुवर्षं दाराबाहेर उभं राहून त्याची अशी समजूत झाली होती की आत खुर्चीवर बसलेला प्रत्येक माणूस शहाणा असतो. आमचा मळा कारंज्याच्या वेशीबाहेर. वांगी, मिरची, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. बाबा पिकवायचे, माय बाजारात दुकान लावायची. दुकान म्हणजे जमिनीवर अंथरलेलं पोतं. मी व्हर्नाक्युलरची, म्हणजे मराठी सातवीची, परीक्षा पास झालो तेव्हा मामाने घरात बजावलं की आता या पोराच्या हातात खुरपं दिसता कामा नये. बाबांनी ते कानाआड केलं. मी मात्र देवाची आज्ञा असल्यासारखं पाळलं. कोट शिवला, काळी टोपी घेतली आणि नखांतली माती सुईने कोरून काढली.

मेडशीच्या शाळेत मला दुय्यम मास्तर म्हणून नेमलं. युरोपातली पहिली मोठी लढाई संपून दोनेक वर्षं झाली असतील. कारंज्याहून मेडशी म्हणजे बैलगाडीने दोन दिवसांची वाट. तिथे ओळखीचं कोणी भेटणार नाही, याचा मला नोकरीइतकाच आनंद झाला. गावात कोणी घरचं विचारलं की मी सांगायचो, शेती आहे, विहीर आहे, बैल आहेत. खोटं त्यात काहीच नव्हतं. मायच्या डोक्यावरची टोपली तेवढी मी गाळायचो. लोकांनी मला एखाद्या पाटलाचं पोर समजावं अशी माझी इच्छा होती, आणि भोळी माणसं तसं समजलीही. वाटेत भेटेल तो 'रामराम मास्तर' म्हणायचा. त्या रामरामाची मला अफूसारखी चटक लागली. तिसऱ्या वर्षाची तपासणी नीट पार पडली की मी कायम होणार होतो, आणि हा रामराम जन्मभर माझा होणार होता.

आमचे हेडमास्तर तपकीर ओढायचे आणि कागद बांधून ठेवायचे. वाचायचे मात्र नाहीत. वरून हुकूम आला की प्रत्येक शाळेने भाजीपाल्याची बाग करावी, तपासणीला साहेब ती बघतील. हेडमास्तरांनी तोही कागद लाल फडक्यात बांधला. एकदा सहज त्यांनी मला विचारलं की तुम्हाला यातलं काही कळतं का. मी म्हणालो, आमच्याकडे गडीमाणसं बघतात ते सगळं. हे वाक्य आज आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. आमच्याकडे गडीमाणूस कोण, तर माझा बाप.

फाल्गुन उजाडला, ऊन तापायला लागलं, आणि साहेब उद्या सकाळी येणार असल्याचा निरोप आला. शाळेमागे नुसती ढेकळं होती. हेडमास्तरांची पाचावर धारण बसली. मग त्यांनी तोड काढली. ओढ्याकाठी एका म्हाताऱ्या माळणीचा लहानसा मळा होता. तिथली वांग्याची झाडं उपटून आणायची, तीही फळं लागलेली, म्हणजे साहेबांना वाटेल बाग चार-सहा महिन्यांची आहे. वेळ नाही, आत्ताच्या आत्ता जा, असं त्यांनी मला फर्मावलं. तेव्हा ऊन ऐन माथ्यावर होतं.

फळावर आलेलं वांग्याचं झाड उपटून दुसरीकडे लागत नाही, हे आमच्याकडे रांगत्या पोरालाही ठाऊक असतं. कोवळं रोप लावायचं तेसुद्धा ऊन कलल्यावर, वाफा आधी भिजवून. मला सगळं ठाऊक होतं. पण बोललो असतो तर ते कुठे शिकलो हेही सांगावं लागलं असतं. म्हणून मी कोटाची बटणं लावली आणि निघालो.

म्हातारीने शाळेचं नाव ऐकून नाही म्हटलं नाही. ती बिचारी सरकारला भ्यायची, आणि त्या दिवशी सरकार मी होतो. मी पहिल्या झाडाला हात घातला तेव्हा एवढंच म्हणाली, "मास्तर, दुपारचं नोको उपटू. जीव हाय त्याले." मी तिला सांगितलं की हे शाळेचं काम आहे, तुला त्यातलं काय कळतं. वीसेक झाडं मी उपटली. ती बांधावर बसून बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी साहेब आले तेव्हा बागेतलं प्रत्येक झाड मान टाकून उभं होतं. पानांच्या चिंध्या झाल्या होत्या आणि त्यांतून जांभळी वांगी लोंबत होती. साहेब जवळ गेले, एका झाडाला त्यांनी दोन बोटं लावली, आणि ते मुळासकट त्यांच्या हातात आलं. हेडमास्तरांनी क्षणाचा विलंब न लावता सांगितलं की बागेचं सगळं दुय्यम मास्तरांकडे आहे. साहेबांनी माझा नेमणुकीचा कागद मागवला. फडकं सुटलं, कागद निघाला. गावातली चार प्रतिष्ठित मंडळी खुर्च्यांवर बसली होती, त्यांच्यासमोर साहेबांनी तो वाचला.

"जात माळी लिहिली आहे तुमची. आणि हे तुम्ही लावलंत?"

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. संध्याकाळी वाटेत एकजण भेटला, त्याने रामराम केला नाही, फक्त यंदा वांग्याला काय भाव आहे म्हणून विचारलं. महिन्याभरात पत्र आलं की माझी गरज नाही. हेडमास्तर त्याच खुर्चीवर तपकीर ओढत पेन्शनीपर्यंत टिकले. माणूस चुकांतून शिकतो असं आता व्याख्यानांत सांगतात. मी चूक केली तेव्हा मला शिकायचं काही शिल्लकच नव्हतं. मला सगळं येत होतं, आणि येतं हे कोणाला कळू नये म्हणून मी ती केली. असल्या गाढवपणाला कोणती शाळा काय शिकवणार?

घरी मामाने कपाळ बडवून घेतलं. बाबांनी सगळं ऐकलं आणि नोकरीबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यांनी वेगळंच विचारलं.

"भरल्या फळाचं झाड काहून उपटलं? तुले माईत नव्हतं काय?"

"माईत होतं."

"मंग?"

मी खरं ते सांगितलं. बाबा म्हणाले की असं असेल तर माझ्या झाडांना तू हात लावायचा नाही. मेडशीकडे जाणाऱ्या एका गाडीवानाबरोबर त्यांनी त्या म्हातारीसाठी रोपं पाठवली, ओल्या फडक्यात गुंडाळून. मला त्यांनी मोटेवर जुंपलं. सबंध वर्षभर मी बैल हाकले, शेणखत वाहिलं, आणि वाफ्याच्या कडेला उभं राहून बापाला लावणी करताना बघितलं. मामाने मध्ये कापसाच्या जिनातल्या कारकुनीची बातमी आणली. मी गेलो नाही. यात शहाणपण काही नव्हतं, कोट उंदरांनी कुरतडला होता.

पुढच्या वर्षी एका संध्याकाळी बाबांनी रोपांची जुडी माझ्या हातात दिली. मी एक ओळ लावली. ती सगळी जगली. त्या ओळीची वांगी निघाली तेव्हा मला मायबरोबर बाजारात जावं लागलं. मी टोपी कपाळावर ओढून पोत्याच्या मागे बसलो. माय मोठ्या कौतुकाने ओरडायला लागली, "घ्या बापा, मास्तरच्या हातचे वांगे!" गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिच्यावर खेकसलो की मला मास्तर म्हणू नकोस.

तिने तराजू खाली ठेवला. तिला राग आला नव्हता, तिला खरोखरच कळत नव्हतं.

"मंग काय म्हनू? माळी म्हनलं तं तुले लाज, मास्तर म्हनलं तं तुले राग. सांग, कोनाचे वांगे म्हनून इकू?"

समोर गिऱ्हाईक उभं होतं. मी टोपी काढली, उठून उभा राहिलो आणि ओरडलो, "वांगे घ्या, माळ्याचे वांगे!" आवाज पार धान्याच्या ओळीपर्यंत गेला. दोन वर्षं पोरांकडून पाढे म्हणवून घेतले होते. मास्तरकीचा तेवढा उपयोग झाला.