मामांची मेथी कुणी खाल्ली

त्या दुष्काळात आमची म्हैस पाली गावाजवळच्या चारा छावणीत होती आणि तिच्याबरोबर माझे सासरेही. आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात. जनावर छावणीत गेलं की घरातलं एक माणूस तिथं राहायला जायचं, ही रीतच. पण मामांना साखरेचा आजार, आणि पायाच्या अंगठ्याला काही केल्या न भरणारी जखम. डॉक्टरांनी बजावलं होतं, साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल.

मी पडले बीएस्सी झालेली सून! गोळ्या चालूच होत्या, पण मी मेथीचं खूळ डोक्यात घेतलं. भिजलेल्या मेथीदाण्याला बुळबुळीतपणा येतो ना, तो असतो एक तंतू, म्हणजे फायबर. जेवणातली साखर तो रक्तात सावकाश जाऊ देतो. दाण्यातलं एक अमिनो आम्ल इन्शुलिनला हातभार लावतं, असंही प्रयोगशाळेत दिसलंय. गोळीची जागा मेथी घेत नाही, एवढी अक्कल मला होती. तरी टँकरच्या पाण्यातलं पेलाभर मी रोज मेथीसाठी राखायचे आणि सकाळी भिजलेले दाणे भाकरीबरोबर छावणीत पोचवायचे.

"लई कडू हाय गं," मामा तोंड वाकडं करायचे. "ठेव तितं, खातो."

मी पेला ठेवून, त्यांनी काढलेलं दूध घेऊन बायकांच्या दूध सोसायटीत पळायचे.

थोड्याच दिवसांत गंमत झाली. सगळ्यांच्या म्हशी आटत चाललेल्या आणि आमची मात्र जास्तच दूध द्यायला लागली. "पाणी घालतीस का गं?" बाया विचारायला लागल्या. अगं, प्यायला पाणी नाही, दुधात कुठलं घालू? फॅट बघितली तर तीही चांगली. मग एकजण म्हणाली, "बाळंतिणीवानी मेथी चारतीस काय तिला?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मला मामांचा पेला आठवला.

दुसऱ्या सकाळी कॅन उचलून निघाल्यासारखं केलं आणि शेजारच्या दावणीआड उभी राहिले. मामांनी इकडंतिकडं बघितलं आणि पेला सरळ म्हशीच्या तोंडापुढं धरला.

"मामा! म्हशीला साखर झालीय का?"

ते आधी ओशाळं हसले. मग म्हणाले, "तिच्या बरगड्या बघ की. नुसता ऊस चावून ती कसी जगंल? माजा एक अंगठा गेला तर गेला."

इतका राग आला, आणि त्याच दमात रडूही. "अंगठा तुमचा एकट्याचा न्हाई!" मी ओरडले. सगळी छावणी बघायला लागली.

सोसायटीतल्या बाया हे ऐकून पोट धरून हसल्या, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकीनं पदरातून मूठमूठ मेथी आणली. मग रोज दोन वाटे भिजू लागले. म्हशीनं खाल्ल्याशिवाय मामा खायचे नाहीत, आणि मामांनी शेवटचा दाणा चावल्याशिवाय मी उठायची नाही. काय चेहरे करायचे, अगंबाई!

साखर उतरली. गोळ्यांनी किती, पथ्यानं किती, मेथीनं किती, देव जाणे. डॉक्टरांनी पट्टी सोडली तेव्हा जखम भरलेली होती. मला दवाखान्यातच हुंदका फुटला.

मामांनी पाची बोटं हलवून बघितली, चपला चढवल्या आणि दाराकडं निघाले.

"मामा, थांबा, रिक्षा बघते. घरी जायचंय ना?"

"तू जा घरी. मी छावणीत चाललो. तिला दाखवायचा हाय."