फुकटच्या सॉफ्टवेअरमधलं न्हाणीघर

मी आईसाठी बांधवून घेतलेल्या न्हाणीघरात पहिली अंघोळ सात मरळ मासोळ्यांनी केली. हे मी लाजेनं लिहितो आहे. एरवी निषेधाची पत्रकं लिहिताना मी कधी लाजलो नाही. सिंदेवाहीतलं एकही कार्यालय मी सोडलं नव्हतं!

आई गुडघ्यांनी बेजार होती. न्हाणी अंगणापलीकडे, तट्ट्यांच्या आडोशाची, चार पायऱ्या उतरून. त्या पावसाळ्यात ती दोनदा घसरली. बाबांनी मासोळी विकून जमवलेल्या पैशात घर दुरुस्त करायचं ठरलं, तेव्हा तिनं एकच मागितलं : "न्हाणी घरात घ्या. बाकी कसंबी राहू द्या."

सोमाभाऊ मिस्त्री आला. पडवीचा कोपरा बघून म्हणाला, "होऊन जाते जी."

"होऊन जाते म्हणजे?" मी कडाडलो. "नकाशा कुठी हाये? असंच अंदाजपंचे करून गरिबाले लुटतेत!" (त्यानं अजून मजुरीही सांगितली नव्हती.)

घराचे नकाशे आता कॉम्प्युटरवर निघतात, हे मी कुठेतरी वाचलं होतं. चंद्रपूरला गेलो. पहिल्या सॉफ्टवेअरची किंमत ऐकून मी दुकानातच भांडवलशाहीवर बोलायला लागलो. दुसरं स्वस्त, पण त्याला नवा कॉम्प्युटर हवा. तिसरं एका मासिकासोबत सीडीवर चक्क फुकट! जे फुकट ते जनतेचं, असा सिद्धांत मी उभ्या उभ्या मांडला आणि बस पकडली.

गावातल्या कॉम्प्युटर क्लासच्या सरांनी सीडी चालवून दिली. तिच्यात न्हाणीघरं तयारच मिळत, आणि प्रत्येकात माणूस निजेल एवढा टब! तो काढून टाकायला गेलो तर पडद्यावर चौकट आली.

"टब काढाचा असन तं पैसे भरा म्हणते," सर म्हणाले.

"मंग राहू द्या! एका टबासाठी मी विदेशी कंपनीपुढे झुकत नाई!"

छापायलाही पैसे पडत होते. म्हणून पडद्यावर पातळ कागद धरून मी नकाशा गिरवला. टबासकट.

सोमाभाऊनं कागद चारी बाजूंनी फिरवून पाहिला. "हे लांबट काय हाये?"

"टब."

"बाई यात चढन कशी?"

"कागदावर हाये तसंच बांधा. मनानं काही करू नका!"

सोमाभाऊ गप्प झाला. गप्प झालेला मिस्त्री किती धोक्याचा असतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यानं विटा-सिमेंटचा कमरेएवढा टब उभा केला. कागदावर होता तस्साच!

आईनं टबाच्या काठावर हात टेकून पाय उचलला. गुडघा वर जाईना. दुसरा उचलून पाहिला. मग म्हणाली, "बाबू, मले आंघोळ कराची होती. हे काऊन बांधलं?"

"माय, मोठ्या शहरात असंच राह्यते."

"तिथल्या बायांचे गुडघे चांगले असतीन."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर माझ्याकडे उत्तर तयार होतं.

तेवढ्यात बाबा तलावावरून आले. टोपल्यात जिवंत मरळ, आणि बाजार परवा! टब पाहून त्यांचा चेहरा उजळला. "वा रे पोट्ट्या! आयुष्यात एक काम कामाचं केलं!" सातही मासोळ्या टबात. शेजारचे ढीवर, सगळे मासेमारच, बघायला लोटले. "बाबू, आमालेबी असा नकाशा काढून दे ना!" माझं एकही पत्रक इतकं गाजलं नव्हतं.

त्या गर्दीतून वाट काढत आई गडू घेऊन जुन्या न्हाणीच्या पायऱ्या उतरत होती. एका हातानं भिंत धरून.

दुसऱ्या दिवशी सोमाभाऊ न बोलावता आला. चुलीमागच्या कोपऱ्यात त्यानं न्हाणीचा बोटभर उंचीचा काठ आखला, बसायला ओटा, उठताना धरायला भिंतीत लोखंडी कडी.

"नकाशा?" माझ्या तोंडून सवयीनं निघालं.

"बाईले विचारलं," तो म्हणाला.

मी घमेलं उचललं आणि त्याच्या हाताखाली माल कालवायला बसलो. कालवता कालवता सिमेंटच्या काळ्या बाजारावर बोलावं म्हणून तोंड उघडलं.

"पाणी कमी टाक, बाबू," सोमाभाऊ म्हणाला.

मी कमी टाकलं. जन्मभर मागण्या करत आलेल्या माणसानं विनाअट मान्य केलेली ती पहिली मागणी!