दिसली म्हणा

नियमाप्रमाणे मी जायला हवे होते.

ज्याला अरुंधती दिसत नाही तो सहा महिन्यांत जातो, असे आमच्याकडची जुनी माणसे सांगतात. मला ती आयुष्यात कधी दिसली नव्हती. माझ्या पत्नीला, वंदनाला, स्पष्ट दिसत असे.

गेली ती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: सप्तर्षींच्या शेपटाकडून दुसरा तारा वसिष्ठ. त्याला अगदी चिकटून एक फिकट तारा असतो, ती अरुंधती. लग्नात नवरानवरीला ती दाखवण्याची प्रथा आहे.

आमचे लग्न वैशाखातले, मुहूर्त भर दुपारचा.

गुरुजींनी मंडपाच्या कापडाकडे बोट केले. "दिसली का?"

वर पंखा फिरत होता.

"दिसली," वंदना म्हणाली.
"दिसली," मी म्हणालो.

आमच्या संसारातले पहिले संयुक्त विधान. तेच खोटे.

वंदना सुप्याजवळच्या एका प्राथमिक शाळेत शिकवत असे. चाळिशी उलटल्यावर एकदा ती वर्गात ध्रुवतारा समजावून सांगत असताना एका मुलीने विचारले, "बाई, तुमी पाहिलाय का?"

बाईंनी पाहिला नव्हता. तिथून आकाशाचा नाद लागला.

मी माझ्या स्वभावानुसार टेलिस्कोपची चौकशी सुरू केली. आरशाचा व्यास, फोकल लेंथ, स्टँडची मजबुती. कोटेशन्सही मागवली.

ती म्हणाली, "अहो, आधी वर्षभर नुसत्या डोळ्यांनी बघू या. कुठं काय आहे तेच माहीत नसेल, तर दुर्बीण लावणार कुठे?"

या युक्तिवादात मला त्रुटी सापडली नाही.

अंगणात चटई. टॉर्चवर लाल जिलेटीन कागद, कारण पांढऱ्या उजेडात डोळे दिपतात आणि पुन्हा अंधाराला सरावायला वेळ घेतात. व्हरांड्यातला दिवा बंद. सुरुवात एवढ्यावर झाली. पुढे एक साधी बायनॉक्युलर आली. टेलिस्कोप कधीच आला नाही.

आमचा दिवा बंद झाला की भिंतीपलीकडून हौसाक्कांचा आवाज ठरलेला.

"बाई, तुमच्यात लाईट गेली व्हय?"

"नाही हो आक्का, चांदण्या बघतोय."

"आमच्यातनं बी त्याच दिसत्यात की. त्याला लाईट कशाला घालवायची?"

त्यांच्या दारावरच्या बल्बचा उजेड थेट आमच्या चटईवर पडे. बल्ब बंद करा, असे हौसाक्कांना सांगण्याचे धाडस आम्हा दोघांचेही कधी झाले नाही.

ज्या संध्याकाळी वंदनाला अरुंधती पहिल्यांदा दिसली, त्या संध्याकाळी ती चटईवर ताडकन उठून बसली.

"अहो, आहे! खरंच आहे!"

"मला एकच तारा दिसतोय."

"तुमच्या चष्म्याचा नंबर वाढलाय."

"नंबर ठीक आहे. एमआयडीसीचा उजेड आहे."

"तो उजेड मला लागत नाही वाटतं?"

बायनॉक्युलरमधून मलाही दोन तारे दिसत. परंतु ते मी धरत नसे. नुसत्या डोळ्यांनी दिसल्याशिवाय 'दिसली' म्हणणार नाही, असे मी तिला स्पष्ट सांगितले होते.

"लग्नात बरं म्हणालात."

"तेव्हा पंगत खोळंबली होती."

दर उन्हाळ्यात हेच. "दिसली का?" "नाही." "म्हणा हो एकदा, माझ्यासाठी." "दिसल्यावर म्हणेन." मग ती हसून म्हणे, "सहा महिने कधीच उलटले. अजून कसे आहात हो तुम्ही?"

गेल्या पावसाळ्यात तिचा आजार निघाला. दिवाळीत केमो चालू होती.

पाडव्याला तिने खुर्चीत बसून मला ओवाळले. ताम्हण खालून मी धरले होते. ओवाळणीचे पाकीट तिने बाजूला सारले.

"पाकीट नको. मला अंगणात न्या."

मी खुर्ची अंगणात नेली. अंधार पडला होता. तिने उत्तरेकडे बोट केले.

"हीच ओवाळणी द्या. दिसली म्हणा."

मी बराच वेळ उत्तरेकडे पाहिले.

"दिसली," मी म्हणालो.

ती हसायला लागली. हसता हसता खोकली.

"अहो, सप्तर्षी मावळलेत. दिवाळीत संध्याकाळचे कुठले दिसायला?"

"माहीत आहे मला."

"मग?"

"मंडपात तरी कुठे उगवले होते?"

त्यावर ती माझी बाही धरून बसून राहिली.

मार्गशीर्षात ती गेली. त्या दिवसाविषयी लिहिण्यासारखे माझ्याजवळ काही नाही. माणसे आली, माणसे गेली. चहा कोणी केला, आठवत नाही.

त्यानंतर नगर रोडवरचे बोर्ड वाचता येईनात, म्हणून डोळे तपासून घेतले. नंबर वाढलेलाच होता. चष्मा बदलला.

आज आमच्या लग्नाचा वाढदिवस.

जेवणाआधी व्हरांड्यातला दिवा बंद करून मी अंगणात चटई टाकली. भिंतीपलीकडे हौसाक्कांची चाहूल लागली. आता त्या विचारतील म्हणून मी उत्तर तयार ठेवले.

त्यांनी काही विचारले नाही. थोड्या वेळाने त्यांच्या दारावरचा बल्ब बंद झाला.

वर पाहिले. वसिष्ठ आणि त्याला लागून दुसरा एक तारा. नुसत्या डोळ्यांनी. मुद्दाम नजर हटवून पुन्हा पाहिले. दोनच.

ती असती तर तिने उलटतपासणी घेतली असती: "कोणत्या बाजूला आहे, सांगा बरं?" तेही सांगू शकलो असतो.

आनंद झाला नाही. रडूही आले नाही. चटई गुंडाळली, आत आलो, आणि हे लिहीत आहे.

अशा वेळी 'श्रद्धांजली'च्या आधी 'भावपूर्ण' लिहिण्याचा प्रघात आहे. आत शोधून पाहिले, अद्याप काही हाती लागत नाही. जे नाही ते लिहू नये, म्हणून तो शब्द तूर्त वगळतो.

श्रद्धांजली, वंदना.

दिसली.