भज्जीतला बटाटा

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, रानात आलेल्या माणसाला जेवल्याबिगर परत लावायचं नसतं, वैरी असला तरी. आमच्या लेकीनं यायला नेमका तोच दिवस धरला. बापाला रीत मोडवत नाही, हे तिला पक्कं ठाऊक. डोकं माझ्यावर गेलंय.

ती नेदरलँडला नोकरी करते. तिकडच्याच मुलाशी लग्न केलं आणि ह्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. फोन आला की हे उठून गोठ्यात. मी भांडले, रडले, एकदा तर वाढलंच नाही. दगडाला पाझर फुटेल, ह्यांना नाही.

कडब्याच्या कोपीत पूजा झाली आणि पंगत बसली. लेकीशेजारी तो उंच गोरा मुलगा मांडी घालायची खटपट करत होता. ह्यांनी त्याच्याकडं बघितलं नाही, पण पत्रावळ सरकवली.

पहिल्याच घासाला ह्यांच्या कपाळाला आठी पडली. "भज्जीत बटाटा कुणी घातला?"

"म्या घातला," मी म्हणाले. "त्याच्या ओळखीचं काहीतरी पानात नको?"

येळवशीच्या भज्जीत शेंगा, दाणे, पालेभाज्या सगळं पडतं. बटाटा आमच्यात कुणी घालत नाही.

मुलानं ती फोड उचलली आणि हसून म्हणाला, "आर्डापल."

लेकीनं उलगडून सांगितलं. "आर्ड म्हणजे भुई, आपल म्हणजे सफरचंद. बटाटा समुद्रापलीकडनं आला, आबा. तिथं कुणाच्या वळखीचा नव्हता. मग वळखीच्या फळाचं नाव देऊन त्याला घरात घेतलं."

हे चावत राहिले. मग म्हणाले, "आपल्या भुईमुगावानी."

"तोबी बाहेरचाच, आबा. लई लांबनं आलेला."

"आपला भुईमूग?"

"व्हय."

जन्मभर ह्याच रानात ह्यांनी भुईमूग पेरला. पानातला एक दाणा बोटांत धरून बसून राहिले. आता उठून जातात का काय, असं वाटलं.

उठलेच. आंबिलीचं मडकं स्वतः उचललं आणि त्या मुलासमोर जाऊन वाकले.

"घ्या, जावईबापू. आपल्या ज्वारीची हाय."

मुलानं लेकीला 'जावईबापू'चा अर्थ विचारला. तिला सांगता येईना, पदर तोंडाला लावून ती रडत होती. शेवटी मीच म्हणाले, "जेव बाबा, पोटभर जेव."