खाडीच्या गाळाचे बैल

कोल्हापुरात राहून समुद्री गवताचा अभ्यास करणारी बाई म्हणजे आमच्या गल्लीत चेष्टेचा हक्काचा विषय. काका तर भेटेल त्याला सांगायचे, "आमची पोरगी गवत बघाय फोंडा घाट उतरून कोकणात जातीया. हितं पंचगंगंकाठी गवत न्हाय व्हय, पावणं?" पाहुणा हसायचा. मी हसायची नाही.

हे गवत खाडीच्या चिखलात उगवतं. पान बोटाच्या पेराएवढं. ओहोटीला उघडं पडलं की शेवाळ समजून कोणीही तुडवून जातो. पण ते पाण्यातला कार्बन शोषतं, वाहत आलेला पालापाचोळा अडवतं आणि सगळं गाळाखाली दाबून ठेवतं. तिथं हवा पोचत नाही, म्हणून ते शेकडो वर्षं टिकतं. आईला मी लोणच्याच्या बरणीवरून समजावलं होतं. तेलाखाली बुडालेली फोड टिकते, तसंच हे. गाळ उकरला की बरणी उघडी पडली म्हणून समजायचं.

घाटाखालच्या ज्या खाडीत मी जायची, तिथं बोटींसाठी धक्का बांधायचं घाटत होतं आणि भराव नेमका गवतावर पडणार होता. "खाली नुसता चिखल आहे," असं एक साहेब मला तोंडावर म्हणाले. चिखलात काय आहे ते दाखवायलाच मी गाळात नळ्या ठोकल्या, वरचा थर वेगळा, खालचा वेगळा असं कापून पिशव्या भरल्या. माझ्या कॉलेजातला फ्रीज बंद पडला होता, म्हणून पिशव्या घरच्या फ्रीजमध्ये ठेवल्या. आईला म्हटलं, "माती हाय, असू दे."

तेवढ्यात बेंदूर, म्हणजे आमच्याकडचा पोळा, आला. बेंदराचे मातीचे बैल विकत आणणं आईला कमीपणाचं वाटतं, ते ती स्वतः करते. संध्याकाळी मी कॉलेजातून आले तर पाटावर बैलजोडी उभी, कपाळाला कुंकू, पुढ्यात पुरणपोळी. खाडीच्या गाळाचा तो नासक्या अंड्यासारखा ओळखीचा वास आला आणि मी जाऊन फ्रीज उघडला. पिशव्या नव्हत्या.

"वास मारतीया जरा, पर लोण्यावाणी हाय माती," आई कौतुकानं म्हणाली. "बेंदरासाठीच आणलीस न्हवं?"

मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. सगळे थर एकत्र मळले गेले होते, त्यांतून आता काहीच सिद्ध होणार नव्हतं. आईनं पदर तोंडाला लावला. काका म्हणाले, "देवानंच सांगितलंय बघ. सोड आता. उसाचं बघ, कारखाना तरी इचारंल."

रडू येत होतं, पण उसाचं नाव ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. "देवाला सांगायचं असतं तर मला सांगितलं असतं. तुमच्याकडं कशाला निरोप दील? मी परत जाणार." काकांनी पुरणपोळीचं ताट पुढं ओढलं.

दुसऱ्या दिवशी गल्लीतले सगळे मातीचे बैल नदीत विसर्जनाला गेले. आईनं आमचे फडक्यात बांधून ठेवले. "ज्या पाण्यातली माती, त्याच पाण्यात घालायची," ती म्हणाली. "आन् मी बी येणार. मळलीया मी, भरून द्यायची बी मीच."

पावसानं उघडीप दिली तशा आम्ही दोघी एसटीनं घाट उतरलो. ओहोटी लागल्यावर आईनं साडी खोचली, बैल गाळात ठेवले, हात जोडले आणि दोन्ही हातांनी नळी घट्ट धरली. मी हातोडा घालायला लागले. काठावर धक्क्याची मोजणी चालली होती. तिथला एक माणूस ओरडला, "मावशी, चिखलात काय शोधताय?"

आई गुडघाभर गाळात उभी होती. तिनं मान वर केली नाही.

"चिखल न्हवं, बरणी हाय ही," ती म्हणाली. "झाकण काढायच्या आधी माझ्या लेकीला इचारायचं."

मग माझ्याकडं बघून म्हणाली, "थांबलीस का? ठोक की."