हौद म्हणणारा म्हातारा

आमच्या पिढीत नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नव्हती, आणि माझी ती सवय अजून सुटलेली नाही. तेव्हा ह्या लिहिण्यात ते 'हे' म्हणूनच येतील. तसा नाव सांगून काही उपयोगही नाही. नाटक-सिनेमात इतकी वर्षं कामं करूनही ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. चेहरा मात्र सगळ्यांना ओळखीचा वाटायचा. सोलापूरच्या रस्त्यात माणसं थांबवून विचारायची, "तुम्ही अक्कलकोटला पोस्टात होता का हो?" हे मोठ्या अदबीनं सांगायचे, "होतो की." समोरच्याचा हिरमोड कशाला करायचा, असं त्यांचं म्हणणं. मला विचाराल तर भर रस्त्यात पोस्टमास्तरचं काम करायला मिळतंय, ह्याचाच त्यांना आनंद व्हायचा.

ह्यांचा चेहरा जन्मापासूनच पन्नाशीचा होता. लग्नात मी पहिल्यांदा मान वर करून पाहिलं तेव्हा वाटलं, नवरदेवाचे थोरले काका चुकून पाटावर बसलेत. तेव्हा ह्यांचं वय बावीस. मी हे त्यांना पुढं कितीदा तरी ऐकवलं. त्यावर ते म्हणायचे, "म्हणून तर पोट भरतंय आपलं." ते खरंच होतं.

मुरूमला आमचं अडतीचं दुकान होतं. राज्य निजामाचं. कचेरीत उर्दू, पेठेत मराठी आणि आमच्या लिंगायतांच्या घरात निम्मं कानडी चालायचं. सासू माझ्या लग्नाआधीच गेलेली, घरात वडीलधारे म्हणजे सासरेच. त्यांना सगळं गाव आप्पा म्हणायचं, मीही. आप्पा दिवसभर गादीवर बसून समोरच्याला बोलू द्यायचे आणि मधूनमधून "हौद, हौद" म्हणायचे. कानडीत 'हौदु' म्हणजे होय. आमच्याकडं शेवटचा उकार गिळून टाकतात. आप्पांच्या 'हौद'चा अर्थ मात्र होय असा क्वचितच असायचा. तुमचं संपलं की मी माझं बोलतो, एवढाच असायचा. शेतकरी खूश होऊन घरी जायचा आणि वाटेत कधीतरी त्याच्या ध्यानात यायचं की आप्पांनी काहीच कबूल केलेलं नाही.

अशा माणसाचा एकुलता एक मुलगा नाटकात गेला. गावात एक कंपनी कनात ठोकून बसली होती. तिच्यातला म्हाताऱ्याची कामं करणारा नट हिवतापानं आडवा झाला, आणि मालकानं पेठेत ह्यांचा चेहरा पाहिला. आठ दिवसांनी कंपनी गेली, तिच्याबरोबर हेही गेले. मी तेव्हा उमरग्याला माहेरी होते. 'तू घरात असतीस तर निघायचा धीर झाला नसता,' असं ह्यांनी पत्रात लिहिलं. ते पत्र मी जपून ठेवलं, भांडणात फार उपयोगी पडायचं.

पुण्यात पहिला प्रयोग झाला त्याची हकीकत मला ह्यांच्याच तोंडून कळली. काम म्हाताऱ्या नोकराचं. मालकाची मुलगी घर सोडून जाते, मालक विचारतो, "गेली? माझी मुलगी गेली?" आणि नोकरानं मान खाली घालून म्हणायचं, "होय, सरकार." एवढंच वाक्य. महिनाभर तालीम करून पाठ केलेलं. पण समोर बसलेलं पुणं पाहून ह्यांचं पाठांतर पळालं आणि पोटातलं मुरूम वर आलं. हे म्हणाले, "हौद, सरकार."

आता पुण्याच्या माणसाला हौद म्हणजे पाण्याचा. मालकाचं काम करणारे कंपनीचे मालकच होते, मुरलेले नट. त्यांना वाटलं, काहीतरी घोटाळा झालेला दिसतो, हा बिचारा सावरून घेतोय. ते ओरडले, "हौदात? माझी मुलगी हौदात?" आणि धावत विंगेत गेले. विंगेत नायिका, म्हणजे नऊवारी नेसलेला एक मिशी काढलेला गडी, निवांत विडी ओढत बसला होता. त्याचा प्रवेश पुढच्या अंकात, लग्न होऊन सुखात परत येण्याचा. मालकांनी शेजारची बादली उचलून त्याच्या डोक्यावर ओतली आणि त्याला ओढत रंगमंचावर आणलं. निथळणारी मुलगी पाहून बायका रडल्या. दुसऱ्या दिवशी हे गाशा गुंडाळायला लागले तर मालक म्हणाले, "हौद तसाच ठेवायचा." पुढं प्रत्येक प्रयोगाला मुलगी हौदात पडायची. तो विडीवाला गडी ह्यांच्याशी हंगामभर बोलला नाही, थंडीचे दिवस होते.

तेव्हापासून ह्यांना हौदवाले म्हणायला लागले आणि म्हाताऱ्यांची कामं चालून यायला लागली. सावकार, मुनीम, मुलीचा बाप, देवळातला गुरव. पुढं बोलपटातही बोलावणं आलं. सगळे म्हणायचे, काय बारीक निरीक्षण आहे. मी दोनतीन नाटकं पाहिली आणि कपाळाला हात लावला. निरीक्षण कसलं, ते सगळे म्हातारे आप्पाच होते. उपरण्याच्या टोकानं कान कोरणं आप्पांचं, उठताना गुडघ्याला दम देणं आप्पांचं, आणि प्रत्येक सावकार, प्रत्येक गुरव समोरच्याला मधूनमधून "हौद" म्हणायचा. घर सोडताना ह्यांनी दुसरं काही नेलं नव्हतं, बाप तेवढा उचलून नेला होता.

आणि तो बाप त्यांच्याशी बोलत नव्हता. हे दिवाळीला, शिवरात्रीला घरी यायचे. कंपनीचा संसार पत्र्याच्या ट्रंकांवर, म्हणून मी मुरूमलाच राहायचे. आप्पा पुढच्या सोप्यात, हे सोप्याच्या दुसऱ्या टोकाला, मी मधे. आप्पा मला म्हणायचे, "त्याला म्हनावं, भाकर खाऊन घे." मी वळून म्हणायचे, "भाकरी खाऊन घ्या म्हणे." हे म्हणायचे, "म्हणावं, तुम्ही बसा आधी." दोघांना एकमेकांचं स्वच्छ ऐकू येत असायचं. सहा वर्षं मी हा निरोप्याचा धंदा केला. वरवर हसायचे, पण आत फार जळायचे. आप्पा थकत चालले होते. एक दिवस ते तसेच जातील आणि ह्यांच्या वाट्याला बापाचा एक सरळ शब्द येणार नाही, ही भीती माझी पाठ सोडत नव्हती.

मग ह्यांचा एक बोलपट सोलापूरला लागला. पेठेतले दोन व्यापारी माल घालायला गेले होते, ते पाहून आले आणि सरळ आमच्या दुकानात येऊन बसले. एक म्हणाला, "आप्पा, तुमाला बघून आलो की सोलापुरात. लई झ्याक काम केलंय तुमी." पेठभर हसू पसरलं. आप्पा नुसतं "हौद" म्हणाले. घरी येऊन मला म्हणाले, "उद्या सोलापूरला जायचंय. पेंडीचं काम हाय. तूबी चल."

पेंडीच्या कामाला सून कशाला लागते, हे मी विचारलं नाही. घाईघाईनं ह्यांना तार करवली, बोलपटासाठी हे तेव्हा सोलापुरातच उतरले होते. मोटारीत आप्पा खिडकीकडं तोंड करून बसले. नळदुर्गाच्या पुढं करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर निजामाच्या शिपायानं आमचं बोचकं उघडलं आणि विचारलं, "इसमें क्या है?" आप्पा म्हणाले, "भाकर," आणि पुढं तोंडातल्या तोंडात, "आनि माजी बेअब्रू." शिपायाला ते कळलं नाही. मला कळलं आणि पुढचा सगळा रस्ता मी जीव मुठीत धरून बसले.

दुपारचा खेळ होता. हे थिएटरच्या दाराशी उभे होते, आप्पांच्या पाया पडले. आप्पांनी मला सांगितलं, "त्याला म्हनावं, तिकिटं काढलीत म्या." आत आम्ही नेहमीसारखेच बसलो, मी मधे. आप्पांनी जोडे काढून खुर्चीखाली सरळ लावून ठेवले, देवळात आल्यासारखे.

पडद्यावर ह्यांचं काम एका आडत्याचं. गादीवर बसून तो "हौद, हौद" म्हणाला आणि सगळं थिएटर खदखदलं. मी चोरून पाहिलं तर आप्पांच्या हातात उपरण्याचं टोक होतं आणि ते कानाजवळ जाऊन तिथंच थांबलं होतं. पडद्यावरचाही कान कोरत होता. आप्पांनी हात हळूच मांडीवर ठेवला. खरं सांगते, मला त्या क्षणी हसू आवरेना आणि रडूही.

मग त्या आडत्याची मुलगी भांडून घराबाहेर पडली. म्हातारा उठला, दाराशी गेला, जरा वेळ रस्त्याकडं पाहत राहिला. मग त्यानं दार लावून घेतलं, कडी घातली आणि दाराला पाठ लावून खाली बसला. आता कुणी हसत नव्हतं. ह्यांना मी जन्मभर चिडवत आले, पण तेव्हा मनात आलं की हा माणूस खरोखर नट आहे. ते त्यांना मी कधी सांगितलं नाही, उगीच डोक्यावर बसले असते.

खेळ सुटला. बाहेर लिंबाखाली आम्ही तिघं उभे राहिलो. हे आरोपी कठड्यात उभा राहतो तसे हात बांधून उभे. आप्पांनी जोडे झाडले, पायात घातले, पुन्हा काढले, पुन्हा झाडले. मी निरोपासाठी आप्पांकडं वळले. पण ते माझ्याकडं पाहतच नव्हते. माझ्या खांद्यावरून ते सरळ ह्यांच्याकडं पाहत होते.

"समदं बराबर केलंस," आप्पा म्हणाले. "एक चुकलं तुजं. कडी घातलीस ते खोटं हाय. म्या कडी घातली न्हवती. तू गेलास तवापासून चार म्हैनं दार नुसतं लोटून निजत हुतो म्या."

ह्यांनी बांधलेले हात सोडले. आणि माझ्याकडं पाहिलं, निरोप घेऊन जाशील का म्हणून. मी दोन पावलं मागं झाले आणि पहिल्यांदाच त्या दोघांच्या मधे कुणी उरलं नाही.