वेणूमावशींचा सत्कार आणि खेकड्याची अर्धी गोष्ट

पनवेलला मुद्दाम फिरायला कोण जातं? आम्हा पुणेकरांना पनवेल म्हणजे मुंबईला जाताना बस थांबते तेवढंच. पण मुलांच्या गोष्टी लिहिणाऱ्या वेणूमावशी पनवेल सोडून कायमच्या लेकाकडे नागपूरला निघाल्यात, त्याआधी त्यांचा जाहीर सत्कार आहे आणि तिथल्या शाळेच्या मुलांना त्या नवी गोष्ट सांगणार आहेत, असं कळलं आणि मी शनिवारी पहाटेची एसटी पकडली. त्यांच्या पुस्तकांवर मीही वाढले आणि माझी लेकही. जाणार असाल तर लवकर निघा, नाहीतर घाटात ताटकळाल. स्टँडबाहेर रिक्षाचा भाव आधी ठरवा, तिथला मीटर नुसता शोभेला आहे.

मावशींचं घर सुकापूरला. सामान बांधून झालेलं, तरी त्यांनी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी पुढे ठेवलीच. बाईंनी काय काय केलंय! लहानपणी उरणकडच्या मिठागरात राबल्या. मग बालवाडीत शिकवलं, तळोज्याच्या एका कारखान्यातलं कँटीन सांभाळलं, रेडिओवर गोष्टी सांगितल्या, बाहुल्यांचे खेळ केले. पुस्तकं या सगळ्यातून वेळ काढून लिहिली.

गोष्टीचा शेवट मात्र त्या एकट्या कधीच लिहीत नाहीत. अर्धी गोष्ट मुलांना सांगायची, पुढे काय होईल ते विचारायचं, आणि मुलं भांडून जो शेवट ठरवतील तोच छापायचा. नवी गोष्ट खाडीतल्या एका खेकड्याची होती. त्याच्या बिळावर भराव पडतो आणि वर टॉवर उभे राहतात.

"नागपूरच्या पोरांना इचारून काय फायदा? त्या भरावावर राहतात तीच पोरं पायजेत. आजच इचारायला पायजे," मावशी म्हणाल्या.

हॉलवर पोचलो तर मुलं सकाळपासून सतरंजीवर बसलेली. प्रमुख पाहुणे यायचे होते. तोवर स्वागतगीत, प्रास्ताविक, मग सत्कार समितीतल्या एकेकाचा सत्कार. मंडपवाल्यालासुद्धा शाल मिळाली! मावशी सत्कारमूर्ती, म्हणून त्यांना आतल्या खोलीत बसवलेलं आणि त्यांचा नंबर सगळ्यात शेवटी. माझं डोकं सणकलं. मी संयोजकांना गाठलं.

"अहो, मुलांची गोष्ट कधी?"

"मॅडम, प्रोटोकॉल असतो ना. साहेब येतील तेव्हा मुलं समोर दिसायला पाहिजेत. गोष्ट काय, नंतर होईल. टेन्शन नका घेऊ."

साहेब आले. मुलांनी टाळ्या वाजवल्या, मुलांसोबत फोटो झाले, साहेबांचं लांबलचक भाषण झालं. तेवढ्यात मुलांच्या बसवाल्यांनी घाई केली, त्यांना दुपारच्या शाळेची फेरी होती. शाळेच्या बाईंनी हताशपणे मुलांच्या रांगा लावल्या आणि हातात एकेक वडापाव देऊन सगळ्यांना नेलं. मी दाराशी जाऊन विनवण्या केल्या, पण माझं कोण ऐकतं!

मग मावशींना बाहेर आणून, शाल-श्रीफळ देऊन माइकसमोर उभं केलं. त्यांनी रिकाम्या सतरंजीकडे पाहिलं.

"पोरं कुठं हायत?"

"गेली, मावशी," संयोजक हसत म्हणाले. "आम्हालाच सांगा ना! आम्हीपण तुमची लेकरंच."

समोरच्या खुर्च्यांवर जमिनीचे व्यवहार करणारे आणि बिल्डर बसले होते. मावशींनी एकेकाकडे नीट पाहिलं.

"तुमी लहान नाय. तुमाला शेवट ठावूक हाय," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

आणि या लोकांनी टाळ्या वाजवल्या! इतकी जाड कातडी मी आजवर पाहिली नव्हती.

परतताना रिक्षात मी विचारलं, "मग खेकड्याचं काय होणार?"

"मना काय ठावं, बाय? पोरं सांगणार होती." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची गाडी होती.

तुम्ही पनवेलला जरूर जा. वडाळे तलावावर संध्याकाळी छान वारा असतो, मिसळही चांगली मिळते. मी त्या दिवशी दोन्हीचा आस्वाद घेऊ शकले नाही, रागाने सरळ परतीची एसटी गाठली.

घरी पोचले तर समितीने पाहुण्यांसाठी काढलेल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो येऊन पडले होते. खाली लिहिलं होतं, 'वेणूमावशींच्या गोष्टीने बालगोपाळ मंत्रमुग्ध.' मी लगेच विचारलं, 'गोष्टीत शेवटी खेकड्याचं काय झालं, तेवढं सांगता का?'

अध्यक्षांनी जोडलेले हात पाठवले. मग सचिवांनी पाठवले, मग खजिनदारांनी. शेवट अजून कुणी सांगितलेला नाही.